वडिलांचे नाव



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा आम्ही त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती ही की, आमचे बोलणे गेटवरचे आहे. पाळी सुटते, माणसे सायकली हातात धरून दहा मिनिटे उभी राहतात, तेवढ्यात सांगावयाचे ते सांगून मोकळे व्हावयाचे, ही आमची सवय. येथे अंगावर पंख्याचा वारा, समोर शांत बसलेली माणसे आणि हाताशी एवढा वेळ. इतका वेळ कुणाला शिव्या न देता आम्ही आजवर बोललेलो नाही. शिवाय आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते औरंगपुऱ्यातल्या वाचनालयात आणि रद्दीवाल्यांच्या दुकानांत. चालक म्हणाले, तुमच्या मनात जो कुणी वडीलधारा, संसारी माणूस घर करून असेल त्याच्याविषयी बोला. तो पुढारीच असला पाहिजे असे नाही. हे ऐकून आम्हाला हायसे वाटले, कारण पुढारी आम्ही फार जवळून पाहिले आहेत.

आमच्या मनात दोन माणसे आहेत. एकाला आम्ही कधी पाहिले नाही. तो मुंबईच्या गिरणीतला. दुसरा आमच्या पडेगावचा. त्याला गेल्या श्रावणात आम्ही खांदा दिला. दुसऱ्याचे नाव आम्ही येथे घेणार नाही. नाव छापून आलेले त्या माणसाला आवडले नसते आणि त्याच्या मुलींनाही आवडणार नाही. पहिल्याचे नाव मात्र मुद्दाम घेतो : गंगाराम कुशाजी सुर्वे.

हे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे, फक्त ते ध्यानात राहिलेले नाही. कवी नारायण गंगाराम सुर्वे. त्यातले मधले नाव ते हे. मधल्या नावाकडे कुणी पाहत नाही. अर्जात तो रकाना असतो म्हणून ते लिहावयाचे, एवढेच.

गंगाराम सुर्वे इंडिया वूलन मिलमध्ये कामाला. घरी पत्नी काशीबाई. त्याही गिरणीतच कामाला जात. साल 1926 च्या सुमाराचे. गिरणगावातल्या रस्त्यावर कुणी तरी टाकून दिलेले एक तान्हे मूल गंगारामांना दिसले आणि त्यांनी ते उचलून घरी आणले. हकीकत एवढीच आहे. पुस्तकात ती दोन ओळींत संपते, आणि वाचणारा पुढे कवितांकडे वळतो. आम्ही मात्र त्या दोन ओळींपाशी बरेच दिवस अडलो, कारण आम्हाला पाळी करून आलेल्या माणसाचे अंग ठाऊक आहे. 1922 च्या कारखाना कायद्याने त्या वेळी दिवसाला अकरा तासांपर्यंत काम घेण्याची मुभा होती. अकरा तास उभे राहिलेल्या माणसाला घर तेवढे दिसत असते. रस्त्यावर काय पडले आहे ते दिसत नाही. दिसले तरी तो मान वळवतो. नवराबायको दोघे कामावर. मूल आणले तर दिवसभर सांभाळणार कोण, दूध कोण पाजणार, हा हिशोब करायला बसले असते तर तो कधी जमलाच नसता. त्यांनी हिशोब केला नाही.

त्या मुलाचे नाव नारायण ठेवले. त्याला शाळेत घातले. शाळेत घालताना वडिलांचे नाव विचारतात. गंगारामांनी आपले दिले. जात विचारली असेल, गाव विचारले असेल. तेही आपलेच दिले असणार. ज्या काळात मूल कुणाचे, कुठल्या आईचे, हे विचारल्याशिवाय त्याला पाणीही मिळत नसे, त्या काळात एका गिरणी कामगाराने हे केले, आणि त्याची कुठे सभा झाली नाही.

1928 साली गिरण्यांचा मोठा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. तेव्हा हे पोर दोन वर्षांचे. गिरणगावातली घरे त्या वर्षी वाण्याच्या उधारीवर आणि गावाकडून आलेल्या तांदळावर कशीबशी तगली. पुढे मंदी आली, पगार कापले गेले, 1934 साली पुन्हा संप झाला. अशा दिवसांत त्या दोघांनी पोराला चौथीपर्यंत शिकविले. आज ‘चौथीपर्यंत’ म्हटले की आपल्याला हसू येते. त्या चाळींतली आठ-नऊ वर्षांची पोरे कामाला लागत होती. त्यांच्यात चौथी म्हणजे पुष्कळ होते.

आणि मग 1936 साल येते. गंगाराम गिरणीतून निवृत्त झाले आणि कोकणात आपल्या गावी निघाले. जाताना त्यांनी दहा वर्षांच्या नारायणाच्या हातावर दहा रुपये ठेवले. पोरगा मुंबईत राहिला.

आमच्या कामगारांच्या अभ्यासवर्गात आम्ही ही गोष्ट सांगतो तेव्हा येथे कुणी ना कुणी हमखास उठतो आणि विचारतो, ‘सोडूनच जायचं होतं तर उचललं कशाला?’ प्रश्न खोटा नाही. एका वर्गात प्रश्न विचारणारा स्वतःच वसतिगृहात वाढलेला होता. त्याचा आवाज आम्हाला अजून आठवतो. त्या दिवशी आम्ही काही तरी सांगून वेळ मारून नेली. मग घरी येऊन, आम्हाला जी एकच विद्या येते ती, म्हणजे कायद्याची सालावळी, समोर घेऊन बसलो.

गंगाराम गिरणीतून बाहेर पडले ते 1936 साली. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आला 1952 साली. राज्य विमा योजनेचा कायदा 1948 चा. ग्रॅच्युइटीचा कायदा तर 1972 चा. म्हणजे त्या दिवशी गिरणीच्या दारातून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्या कामगाराला कायद्याने एक पैसा देणे लागत नव्हते. फंड नाही, पेन्शन नाही, आजाराला दवाखाना नाही. अंगात ताकद होती तोवर मुंबई होती. ताकद संपली की गाव. आणि गावी तरी काय होते? कोकणातली जमीन कुणाला पोसत असती तर तो माणूस गिरणीत आलाच नसता. उपाशी मरायचे तर मुंबईपेक्षा गाव बरे, इतकाच तो हिशोब. पोराला बरोबर नेले असते तर तिथे त्याला काय खायला घालणार? मुंबईत निदान काम होते. हॉटेलातली कपबशी विसळणाऱ्याला उरलेसुरले खायला तरी मिळते.

आम्ही गंगारामांचे वकीलपत्र घेतलेले नाही. दहा वर्षांच्या पोराला त्या शहरात एकटे ठेवणे ही वाईटच गोष्ट. पण ते वाईट कुणाच्या खात्यावर मांडावयाचे, हा प्रश्न आहे. आम्ही ते त्या म्हाताऱ्याच्या खात्यावर मांडायला तयार नाही. ज्याने जन्मभर राबून शेवटी हातात दहा रुपये उरविले, आणि तेही स्वतःच्या धोतराच्या कनवटीला न लावता पोराच्या हातावर ठेवले, त्या माणसाकडे आणखी काय मागावे?

आणि या खटल्यात निकाल देण्याचा खरा अधिकार ज्याला होता त्याने तो दिला आहे. नारायण सुर्वे पुढे घरगडी झाले, हॉटेलात पोऱ्या झाले, गिरणीत कामाला लागले. मुंबईच्या रस्त्यावरच अक्षरांची ओळख वाढविली. लाल बावट्याच्या चळवळीत आले, शाहिरांबरोबर फिरले. महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून लागले, नोकरी करता करता परीक्षा दिल्या आणि तशाच शाळेत शिक्षक झाले. म्हणून त्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणत. 1962 साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आले, 1966 साली ‘माझे विद्यापीठ’. असा माणूस मोठा झाल्यावर स्वतःला हवे ते नाव घेऊ शकतो. कवी तर टोपणनावे घेतातच. याला तर उसने नाव टाकण्याचा सर्वांत जास्त अधिकार होता. पण यांनी गंगारामांचे नाव जन्मभर लावले. अरुण खोपकरांनी 2002 साली त्यांच्यावर चित्रपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; त्याचेही नाव पाहा, ‘नारायण गंगाराम सुर्वे’. वूलन मिलचा एक कामगार, ज्याची कुठे नोंद राहण्याचे कारण नव्हते, तो मुलाच्या नावाच्या मध्यभागी उभा राहून दिल्लीपर्यंत गेला.

1995 साली परभणीला साहित्य संमेलन भरले, मास्तर अध्यक्ष. आम्ही तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेर होतो. पाळी बदलून घेतली, एस. टी. ने परभणी गाठली. मांडवात इतक्या मागे जागा मिळाली की, भाषणातले निम्मे शब्द आमच्यापर्यंत पोचण्याआधीच वाऱ्याने नेले. पण शेजारी एक हमाल बसला होता. तो सारखा पुढच्याला विचारीत होता, ‘हाच का तो गिरणीतला?’ आणि ‘हो’ म्हटले की समाधानाने मान हलवीत होता. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारी.

मास्तरांच्या संसाराविषयी एक गोष्ट सांगून आम्ही आमच्या गावाकडे येतो. त्यांच्या पत्नी कृष्णाबाई. त्यांचे आत्मकथन आहे, त्याचे नाव ‘मास्तरांची सावली’. आम्ही प्रथम ते नाव ऐकले तेव्हा जरा रागावलोच. म्हटले, हे पाहा, बायकोने नवऱ्याची सावली व्हायचे, हेच ना अखेर? पुस्तक आमच्या घरात आमच्या आधी बायकोने वाचले. ती म्हणाली, ‘तुम्हाला सावली म्हणजे एकच कळते. झाडाला काय म्हणतात?’ आम्ही गप्प झालो. मराठीत उन्हाने जमिनीवर पडते तीही सावली, आणि उन्हातून आलेला माणूस जिच्यात बसतो तीही सावलीच. पुढाऱ्यांच्या, कवींच्या, कार्यकर्त्यांच्या घरातून ऊन कुणी अंगावर घेतले हे कधी सभेत सांगितले जात नाही. मास्तरांना ते कळत होते असे आम्हाला वाटते. ‘तेव्हा एक कर’ नावाची त्यांची कविता आहे. तिच्यात नवरा बायकोला सांगतो की, मी गेलो म्हणजे माझ्यात अडकून राहू नको, वाटले तर नवे घर कर. बायकोला आपल्या मरणापलीकडे मोकळे करून ठेवणारा गृहस्थ आपल्यात किती आहेत? आमच्यात तर आम्हाला एकही आठवत नाही, आम्ही धरून. मास्तर 16 ऑगस्ट 2010 रोजी गेले.

आता पडेगाव. छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागले की आमचे गाव. आता ते संभाजीनगरच्या पोटात गेले आहे; आमच्या आठवणीत मात्र छावणीच्या बाजारातून पिशव्या घेऊन चालत घरी यावयाचे ते गाव आहे. वाळूजला कारखाने उभे राहिले आणि बीड, जालना, परभणीकडून आलेल्या माणसांनी येथे गुंठेवारीत अर्धा-अर्धा गुंठा घेतला. वर पत्रे, समोर टँकरची वाट पाहणाऱ्या घागरी. त्यातल्याच एका घरात आम्ही म्हणतो ते गृहस्थ राहत. प्रेसवर काम. तीन मुली. युनियनची वर्गणी पहिल्या तारखेला न मागता देणारा आणि सभेत शेवटच्या रांगेत बसून डुलक्या घेणारा सभासद. आम्ही त्यांच्यावर कधी मोठी जबाबदारी टाकली नाही. आम्हाला ते थोडे थंडच वाटत.

1996 साली एका कारखान्यात ठेकेदाराकडचा एक कामगार अपघातात गेला. बायको त्याची आधीच वारलेली. मागे सात वर्षांचा मुलगा. ठेकेदाराने विम्यात नाव घातलेले नव्हते, त्यामुळे 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याखाली दावा करावा लागणार होता. संध्याकाळी युनियनच्या ऑफिसात आम्ही सगळे जमलो. ठराव केला, वर्गणीची यादी केली, दाव्याचा मसुदा करायला घेतला. मुलगा बाकावर बसून बिस्किटे खात होता. कुणाच्या तरी तोंडून निघाले, ‘आज रात्री हे पोरगं कुठं झोपणार?’

चुलता गावाहून आलेला नव्हता. खोलीत बारा-चौदा माणसे होतो. प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिले. आमच्या घरात तेव्हा तान्हे मूल होते आणि जागा दोन खोल्यांची. जागा नव्हती, असे आम्ही पुढे पुष्कळ वर्षे स्वतःला सांगितले.

ते गृहस्थ शेवटच्या खुर्चीवरून उठले, चप्पल पायात सरकवली आणि मुलाला म्हणाले, ‘चल बाळा, भाकर खाऊ.’ त्यांच्या घरात आमच्यापेक्षा एक खोली कमी होती.

घरी पोचल्यावर बायकोने विचारले, ‘किती दिवसांसाठी?’ हे म्हणाले, ‘बघू.’ ही हकीकत त्या माउलीनेच आम्हाला पुढे सांगितली. तिला राग आला होता आणि येणारच. शिजवणार ती, धुणार ती, आणि ‘बघू’ म्हणणार हे. पहिला आठवडा ती त्या पोराशी बोलली नाही. मग त्याला ताप आला आणि रात्री तो हिला आई म्हणाला. ‘मग काय करता?’ असे ती आम्हाला म्हणाली. गंगाराम उचलून आणतात. त्यापुढचे काशीबाईंना करावे लागते. त्यांच्याविषयी तर दोन ओळीही नसतात.

दाव्याचे पैसे दोन वर्षांनी मंजूर झाले. अल्पवयीन वारसाचे पैसे असे हातात देत नाहीत, बँकेत ठेव म्हणून ठेवतात. घरात तीन मुलींची लग्ने व्हावयाची होती, पत्रे गळत होते. मुलाच्या खर्चासाठी व्याज उचलण्याचा अर्ज करता येतो, हे आम्ही त्यांना दोनदा सांगितले. ते म्हणाले, ‘त्याच्या बापाचं रक्त आहे ते, साहेब.’ मुलगा अठरा वर्षांचा झाला त्या दिवशी पासबुक त्याच्या हातात दिले. त्याने त्यातून आय. टी. आय. पुरी केली आणि फिटर झाला.

गृहस्थ 2009 साली निवृत्त झाले. फंड थोरल्या दोघींच्या लग्नात आधीच गेला होता. 1995 च्या योजनेतले निवृत्तीवेतन सुरू झाले ते हजाराच्याही आत. 2014 साली सरकारने किमान हजार रुपये ठरविले तेव्हा त्यांचे तेवढे झाले. गंगारामांच्या दहा रुपयांनंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी कायद्याने मजल मारली ती ही. त्यासाठीही माणसे तुरुंगात गेली आहेत, म्हणून आम्ही त्याला हसत नाही. पण तेवढ्यावर म्हातारा-म्हातारी जगली असती का, हे आपण सांगा. ती दोघे जगली त्या मुलाच्या पगारावर. शेजारीच त्याने घर बांधले, मधली भिंत पाडली.

गेल्या श्रावणात गृहस्थ गेले. तिरडी बांधून झाली, आणि मडके कोण धरणार हा प्रश्न अंगणात उभा राहिला. गावाहून पुतण्या आला होता. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला पुढे केले. रक्ताचा पुतण्या असताना परक्याने धरू नये, असे कुणी तरी म्हणाले. मुलगा काही बोलला नाही. तो मागे सरकून नळाच्या तोटीपाशी जाऊन उभा राहिला. आम्ही तेथेच होतो. हजार माणसांपुढे बोलणारे आम्ही, त्या अंगणात तोंड उघडले नाही. दुसऱ्याच्या भावकीत पडू नये, असे मनाला सांगितले. खरे पाहता, त्या संध्याकाळी ऑफिसात जो गप्प बसला होता त्याला येथे बोलण्याचे धैर्य कुठून येणार?

थोरली मुलगी घरातून बाहेर आली. तिने पुतण्याच्या हातातले मडके काढून घेतले, नळाजवळ गेली आणि म्हणाली, ‘अरे, धर ना. किती वेळ उभं राहायचं आम्ही?’ त्याने धरले. भावकी थोडी कुरबुरली, आणि चालू लागली.

तीन-चार दिवसांनी आम्हाला त्याच्या कारखान्यातून टाइम ऑफिसच्या बाबूचा फोन आला. बाबू नवा होता, कामात चोख. मुलाने दहा दिवसांच्या रजेचा अर्ज पाठविला होता, कारण लिहिले होते ‘वडील वारले’. बाबूने रजा मांडण्यापूर्वी फाईल काढून पाहिली. तिच्यात वडिलांचे नाव दुसरे, आणि पुढे ‘मयत, 1996’. तो म्हणाला, ‘साहेब, ह्याचे वडील दोनदा कसे वारले? मी काय लिहू?’

आम्ही म्हटले, ‘त्यानं लिहिलंय तेच लिहा.’